आमिश समाज

आमिश हा अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत राहणारा एक ख्रिस्ती धर्मसमाज होय. सोळाव्या शतकात युरोपात उदयास आलेल्या ॲनाबॅप्टिस्ट चळवळीची ही एक शाखा असून मेनोनाइट पंथाशी तिचे जवळचे नाते आहे. साधा एकसारखा पोशाख, घोड्याच्या बग्गीतून प्रवास, सार्वजनिक वीजपुरवठ्यापासून अलिप्तता आणि आठव्या इयत्तेपर्यंतच मर्यादित असलेले शालेय शिक्षण ही या समाजाची ठळक लक्षणे आहेत. १९०० साली आमिशांची संख्या सुमारे ५,००० होती. २०२४ पर्यंत ती चार लाखांच्या आसपास पोहोचली. ही वाढ धर्मप्रसारातून झालेली नाही. मोठी कुटुंबे आणि तरुण पिढीचे समाजात टिकून राहण्याचे मोठे प्रमाण ही तिची दोन मुख्य कारणे आहेत. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर काउंटी, ओहायोतील होम्स काउंटी व तिचा परिसर आणि इंडियानातील एल्खार्ट-लाग्रेंज हा प्रदेश या त्यांच्या सर्वांत मोठ्या वसाहती होत.

आमिश लोक आधुनिकता नाकारतात, असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात ते प्रत्येक नवी गोष्ट तिच्या परिणामांवरून तोलतात आणि बाहेरच्या जगाशी असलेली सीमारेषा पुन्हा पुन्हा आखतात. ही रेषा कोठे आखावी यावरून त्यांचा शासनाशी सर्वांत तीव्र संघर्ष झाला तो शाळेच्या प्रश्नावर.

इतिहास

१५२५ मध्ये झुरिच येथे काही तरुण सुधारकांनी अर्भकांच्या बाप्तिस्म्याला नकार देऊन एकमेकांना प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा दिला. श्रद्धा ही समजून-उमजून घेतलेली शपथ असावी, ती जन्माने किंवा राज्यसत्तेच्या आज्ञेने मिळू नये, हे त्यांचे मूळ म्हणणे होते. पुन्हा बाप्तिस्मा घेणारे म्हणून विरोधकांनी त्यांना ॲनाबॅप्टिस्ट हे नाव दिले. त्या काळी बाप्तिस्म्याची नोंद हीच नागरिकत्वाची नोंद असल्यामुळे कॅथलिक व प्रॉटेस्टंट अशा दोन्ही सत्तांना हा राजद्रोह वाटला. झुरिचच्या गटातील फेलिक्स मान्झ याला जानेवारी १५२७ मध्ये लिमात नदीत बुडवून मारण्यात आले. पुढील काळात अशा शेकडो जणांना देहदंड झाला. त्यांच्या कथा सांगणारा ‘मार्टर्स मिरर’ हा १६६० सालचा डच ग्रंथ आजही आमिश घरांत आढळतो. शस्त्र न धरणे, न्यायालयात स्वतःहून दावा न लावणे आणि राज्यसत्तेपासून अंतर राखणे या आमिश प्रवृत्तींचे मूळ या छळाच्या स्मृतीत आहे.

१६९३ च्या सुमारास स्वित्झर्लंड व अल्सास या भागांतील ॲनाबॅप्टिस्टांमध्ये फूट पडली. धर्ममंडळातून बहिष्कृत झालेल्या व्यक्तीशी सामाजिक व्यवहारही, विशेषतः एका पंक्तीत भोजन, बंद करावा असा आग्रह याकोब अम्मान या धर्मवृद्धाने धरला. हान्स राइस्ट याने त्याला विरोध केला. अम्मानच्या अनुयायांना त्याच्या नावावरून आमिश म्हणू लागले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी पेनसिल्व्हेनियाकडे स्थलांतर सुरू केले. १७३७ साली फिलाडेल्फियाला पोहोचलेल्या ‘चार्मिंग नॅन्सी’ या जहाजावर अनेक आमिश कुटुंबे होती. युरोपात राहिलेले आमिश हळूहळू मेनोनाइटांत मिसळून गेले. जर्मनीतील इक्सहाइम येथील अखेरची आमिश मंडळी १९३७ मध्ये मेनोनाइटांत विलीन झाली. अमेरिकेतही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुधारणावादी गट वेगळे झाले आणि जुनी रीत पाळणाऱ्यांना ‘ओल्ड ऑर्डर’ आमिश हे नाव मिळाले. आज सामान्यतः आमिश म्हणताना हाच गट अभिप्रेत असतो.

धर्ममंडळ आणि ऑर्डनुंग

आमिशांचा कोणी सर्वोच्च धर्मगुरू नाही आणि सर्वांना बांधील अशी मध्यवर्ती संस्थाही नाही. साधारणतः वीस ते चाळीस कुटुंबांचे एक धर्ममंडळ असते. बिशप, दोन उपदेशक आणि एक डीकन त्याचा कारभार पाहतात. हे सर्वजण विवाहित पुरुष असतात. त्यांना धर्मशास्त्राचे औपचारिक शिक्षण नसते व वेतनही मिळत नाही. त्यांची निवड सभासदांनी सुचविलेल्या नावांतून चिठ्ठी टाकून होते. टेबलावर सारखी दिसणारी स्तोत्रपुस्तके मांडतात. त्यांपैकी एकात बायबलच्या वचनाची चिठ्ठी दडलेली असते. ज्याच्या हाती ते पुस्तक येईल तो त्या क्षणापासून आयुष्यभराचा उपदेशक ठरतो. या पदाकडे मान म्हणून नव्हे, तर ओझे म्हणून पाहिले जाते आणि नाव निघालेल्या माणसाच्या घरी त्या दिवशी आनंदापेक्षा अश्रूच अधिक असतात.

स्वतंत्र प्रार्थनामंदिर बांधण्याची पद्धत नाही. दर एक रविवार सोडून उपासना होते आणि ती आळीपाळीने सभासदांच्या घरी किंवा कोठारात भरते. बसण्याची बाकडी एका खास गाडीतून घरोघर नेली जातात. सुमारे तीन तास चालणाऱ्या उपासनेत ‘आउसबुंड’ या सोळाव्या शतकातील जर्मन संग्रहातील स्तोत्रे वाद्यांच्या साथीविना अतिशय संथ लयीत गायली जातात. हा संग्रह मूळ पासाउ येथील तुरुंगात डांबलेल्या ॲनाबॅप्टिस्टांच्या रचनांतून वाढला. नंतर सर्वांचे एकत्र जेवण होते.

दैनंदिन आचाराचे नियम ऑर्डनुंग या नावाने ओळखले जातात. ते बहुधा लिखित नसतात. टोपीच्या कडेची रुंदी, बग्गीचा रंग, घरात कोणती साधने असावीत, अशा बारीक गोष्टींपर्यंत ते पोहोचतात आणि मंडळागणिक बदलतात. लँकेस्टरची बग्गी करड्या रंगाची असते, तर ओहायोत ती काळी दिसते. वसंत ऋतूत आणि शरद ऋतूत होणाऱ्या प्रभुभोजनाच्या आधी सर्व सभासद या नियमांना पुन्हा संमती देतात. मतभेद मिटले नसतील तर प्रभुभोजनच पुढे ढकलले जाते. या सर्वांच्या मुळाशी असलेल्या वृत्तीला ते गेलासेनहाइट म्हणतात. स्वतःची इच्छा ईश्वरापुढे आणि समाजापुढे नमविणे, असा तिचा साधारण अर्थ आहे.

जन्माने कोणीही आमिश धर्ममंडळाचा सभासद होत नाही. वयाच्या सोळाव्या वर्षापासून मुलामुलींना काहीशी मोकळीक मिळते. या काळाला रुमस्प्रिंगा म्हणतात. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांनी तो स्वैराचाराचा काळ म्हणून रंगविला असला, तरी बहुतेकांच्या बाबतीत तो रविवार संध्याकाळची गायनसभा, मित्रमंडळी आणि जोडीदाराचा शोध एवढ्यावरच थांबतो. अठरा ते बावीस या वयांदरम्यान बहुतेक जण बाप्तिस्मा घेतात. सुमारे पंच्याऐंशी टक्के किंवा त्याहून अधिक तरुण आमिशच राहतात. बाप्तिस्म्यापूर्वी समाज सोडणाऱ्यावर बहिष्कार पडत नाही. शपथ घेऊन ती मोडणाऱ्यावर मात्र तो पडतो. मराठीतील ‘वाळीत टाकणे’ याच्याशी तो मिळताजुळता असला, तरी जाहीर कबुली दिल्यावर तो उठवला जातो. आई-वडिलांनी आपल्याच मुलाला जेवणासाठी वेगळ्या टेबलावर बसवावे, इतका तो घरात शिरलेला असतो.

तंत्रज्ञानाविषयी दृष्टिकोन

१९१० च्या सुमारास लँकेस्टरच्या आमिशांनी घरात दूरध्वनी ठेवण्यास मनाई केली आणि १९१९-२० मध्ये सार्वजनिक तारेवरून वीज घेणे वर्ज्य ठरविले. वीज हीच पापमय आहे, असे त्यांचे म्हणणे नव्हते. घराला बाहेरच्या जगाशी कायमचे जोडणारी तार त्यांना नको होती. बॅटरी, डिझेल इंजिन, दाबाखालील हवेवर चालणारी यंत्रे आणि अलीकडे सौर पट्ट्या यांना अनेक मंडळांत परवानगी आहे. दूरध्वनी घरात नसतो. अनेक ठिकाणी तो शेताच्या कडेला लाकडी खोपटात असतो. मोटार बाळगता येत नाही, पण बाहेरच्या माणसाची मोटार भाड्याने घेता येते.

ही विसंगती बाहेरच्यांना विनोदी वाटते; मात्र तिच्यामागचा हिशेब समजण्यासाठी दुधाचे उदाहरण पुरेसे आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस दूधकंपन्यांनी दूध थंड टाक्यांतच साठवण्याचा आग्रह धरला. नकार दिला असता तर दुग्धव्यवसायच संपला असता. लँकेस्टरच्या बिशपांनी डिझेल इंजिनावर चालणारे शीतकरण आणि बॅटरीवरील ढवळणी मान्य केली, पण रविवारी दूध उचलू देण्यास ठाम नकार दिला. व्यवसाय टिकला आणि रविवारही टिकला.

शिक्षण

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत आमिश मुले शेजारच्या बिगर-आमिश मुलांबरोबर गावातील एकखोली सरकारी शाळेत जात असत. तेव्हा वाद नव्हता. किंबहुना आमिश वडील त्या शाळांच्या समित्यांवरही असत. वाद सुरू झाला तो लहान शाळा बंद करून मोठ्या एकत्रित शाळा काढण्याच्या आणि सक्तीच्या शिक्षणाचे वय वाढविण्याच्या धोरणामुळे. पेनसिल्व्हेनियातील ईस्ट लॅम्पेटर येथे १९३७ मध्ये अशी एकत्रित शाळा उभी राहू लागली. मुलांनी बसने दूर जावे, अनोळखी शिक्षकांकडे शिकावे आणि चौदाव्या वर्षानंतर, म्हणजे शेतीकाम व घरकाम अंगवळणी पडण्याच्या ऐन वयात, माध्यमिक शाळेच्या वर्गात बसावे, हे आमिशांना मान्य झाले नाही. त्यांनी स्वतःच्या शाळा काढण्यास आरंभ केला. १९५० च्या दशकात पेनसिल्व्हेनियात मुलांना शाळेत न पाठविल्याबद्दल अनेक आमिश पित्यांना तुरुंगात जावे लागले. १९५५ मध्ये तेथे तडजोड झाली. आठवी पूर्ण केलेल्या मुलांनी घरी काम करावे, त्याची रोजनिशी लिहावी आणि आठवड्यातून तीन तास आमिश शिक्षकाकडे हजेरी लावावी, असे ठरले.

आयोवा राज्यात प्रश्न शिक्षकांच्या पात्रतेचा होता. आमिश शाळेतील शिक्षिकांकडे राज्याचे प्रमाणपत्र नव्हते. १९ नोव्हेंबर १९६५ रोजी हेझलटनजवळील शाळेतून मुलांना बसमध्ये बसवून सरकारी शाळेत नेण्यासाठी अधिकारी आले. मुले घाबरून शेजारच्या मक्याच्या शेताकडे पळत सुटली. वार्ताहरांनी टिपलेले ते छायाचित्र देशभर प्रसिद्ध झाले आणि लोकमत एका दिवसात फिरले. राज्यपाल हॅरोल्ड ह्यूझ यांनी कारवाई थांबविली. १९६७ मध्ये राज्याने कायद्यात सूट दिली. वकिलांनी वर्षानुवर्षे केलेल्या युक्तिवादांनी जे साधले नव्हते, ते त्या एका छायाचित्राने साधले, असे म्हणावे लागते.

याच प्रश्नावर १९६८ मध्ये विस्कॉन्सिनमधील न्यू ग्लॅरस येथील तीन पित्यांवर खटला झाला. आठवी उत्तीर्ण झालेल्या आपल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना त्यांनी पुढील शाळेत घातले नव्हते, तर राज्याच्या कायद्यानुसार सोळा वर्षे पूर्ण होईपर्यंत शाळा सक्तीची होती. प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला. आमिश स्वतः न्यायालयात दाद मागत नाहीत. त्यामुळे विल्यम लिंडहोम या लूथरन पाळकांनी स्थापन केलेल्या समितीने त्यांचा बचाव हाती घेतला आणि विल्यम बॉल या कॅथलिक वकिलांनी तो चालविला. ज्यांच्या पूर्वजांनी एकेकाळी ॲनाबॅप्टिस्टांचा छळ केला होता, त्याच दोन पंथांतील ही माणसे होती. स्वतः आमिश घरात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ जॉन होस्टेटलर यांनी तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली.

‘विस्कॉन्सिन विरुद्ध योडर’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १५ मे १९७२ रोजी आमिशांच्या बाजूने दिला. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांच्या निकालपत्रानुसार, एक-दोन वर्षांच्या अधिक शिक्षणातून राज्याला मिळणारा लाभ हा, तीन शतकांची सलग परंपरा असलेल्या धर्माचरणाला होणाऱ्या हानीपुढे कमी ठरतो. आमिश हे कष्टाळू, कायदा पाळणारे आणि स्वावलंबी लोक आहेत. त्यांची मुले शेती व घरकाम यांतून जे शिकतात तेही शिक्षणच आहे, असे न्यायालयाने मानले. केवळ वैयक्तिक तत्त्वज्ञानावर आधारलेल्या जीवनपद्धतीला मात्र हे संरक्षण मिळणार नाही, हेही त्यात स्पष्ट केले.

न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी अंशतः वेगळे मत नोंदविले. खटला पालक विरुद्ध राज्य असा लढवला गेला, पण ज्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता त्या मुलांना कोणी विचारले, असा त्यांचा आक्षेप होता. तिघांपैकी फक्त एका मुलीने न्यायालयात आपली इच्छा सांगितली होती. उरलेल्यांपैकी एखाद्याला पियानोवादक किंवा अंतराळवीर व्हायचे असेल, तर पालकांच्या निर्णयाने ते दार कायमचे बंद होते, हा त्यांचा मुद्दा होता. निकालाच्या समर्थकांना यावर समाधानकारक उत्तर देता आलेले नाही. राज्याने घराघरात शिरून मुलांना पालकांविरुद्ध मत विचारावे काय, या प्रतिप्रश्नाचे उत्तर डग्लस यांच्या बाजूकडेही नाही. मोठ्या संख्येने तरुण समाजात राहतात याचा अर्थही दोन्ही बाजू आपापल्या परीने लावतात. एकांना त्यात समाधान दिसते, तर दुसऱ्यांना आठवीपुढे न शिकलेल्या माणसाची बाहेर पडण्याची असमर्थता.

आज बहुसंख्य आमिश मुले स्वतःच्या समाजाच्या शाळांत शिकतात; ओहायो व इंडियाना येथील काही भागांत मात्र बरीच मुले अद्याप सरकारी शाळेत जातात. आमिश शाळा एक किंवा दोन खोल्यांची असते. सुमारे तीस मुले, आठ इयत्ता आणि बहुधा एकच शिक्षिका असे तिचे स्वरूप असते. शिक्षिका म्हणजे स्वतः आठवीपर्यंत शिकलेली, समाजातील अविवाहित तरुणी. एका इयत्तेला पुढे बोलावून ती शिकवते, तेव्हा बाकीची मुले आपापला अभ्यास करतात आणि मोठी मुले लहानांना मदत करतात. घरी पेनसिल्व्हेनिया जर्मन ही बोली, उपासनेत व बायबलमध्ये प्रमाण जर्मन आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत मूल वाढते. अंकगणित, वाचन, शुद्धलेखन, सुलेखन व भूगोल यांवर भर असतो. प्रार्थना व बायबलचे वाचन होते. मात्र धर्म हा विषय म्हणून शिकविण्याचे बहुधा टाळतात, कारण ते काम घराचे आणि धर्ममंडळाचे मानले जाते. शाळेचा खर्च पालक उचलतात आणि सरकारी शाळांसाठीचा मालमत्ता कर तेच पुन्हा भरतात. कॅनडातील एलमर येथील पाथवे ही आमिश प्रकाशनसंस्था पाठ्यपुस्तके आणि शिक्षकांसाठी ‘ब्लॅकबोर्ड बुलेटिन’ हे नियतकालिक काढते.

बाहेरच्यांशी संबंध

आमिशेतर सर्वांना आमिश लोक ‘इंग्लिश’ म्हणतात, मग समोरचा माणूस मेक्सिकन असो वा भारतीय. हा शब्द भाषेवरून आलेला आहे आणि त्यात तुच्छता असतेच असे नाही. व्यवहार रोजचा असतो. फर्निचर, तयार लाकडी खोल्या, गोधड्या व भाजीपाला यांचे बहुतेक गिऱ्हाईक बाहेरचेच असते. गावातील स्वयंसेवी अग्निशमन दलात आमिश पुरुष काम करतात आणि त्यासाठी निधी उभारणाऱ्या लिलावांना दोन्हीकडचे लोक गर्दी करतात. ओहायोतील शुगरक्रीक येथून १८९० पासून निघणारे ‘द बजेट’ हे साप्ताहिक गावोगावच्या आमिश वार्तालेखकांच्या पत्रांवर चालते.

शासनाशी दुसरा मोठा वाद सामाजिक सुरक्षा कराचा होता. वृद्धांना सांभाळणे हे धर्ममंडळाचे कर्तव्य असल्याने आमिश सरकारी निवृत्तिवेतन घेत नाहीत आणि त्यासाठीचा करही देऊ इच्छित नव्हते. १९६१ मध्ये पश्चिम पेनसिल्व्हेनियात ऐन नांगरणीच्या दिवसांत कर अधिकाऱ्यांनी एका आमिश शेतकऱ्याचे तीन घोडे जप्त करून लिलावात विकले. त्यावर देशभर टीका झाली आणि १९६५ मध्ये स्वयंरोजगार करणाऱ्या आमिशांना या करातून सूट मिळाली. इतर कर ते भरतात. बग्गीमागे नारिंगी-लाल त्रिकोण लावण्याची सक्ती काही कडव्या गटांना भडक वाटली. मिनेसोटात हा वाद न्यायालयात गेला.

पर्यटन हा वेगळाच प्रकार आहे. लँकेस्टरला दरवर्षी लाखो पर्यटक येतात. ‘विटनेस’ या १९८५ सालच्या चित्रपटाने त्यांत भर घातली. छायाचित्रासाठी मुद्दाम उभे राहणे आमिश लोक गर्वाचे मानतात, तरीही त्यांच्याच नावावर हॉटेले व दुकाने चालतात. जगापासून वेगळे राहण्याची इच्छा हीच जगाला आकर्षित करणारी वस्तू बनली आहे.

२ ऑक्टोबर २००६ रोजी लँकेस्टर काउंटीतील निकेल माइन्स येथील आमिश शाळेत परिसरातील दूधवाहतूक करणाऱ्या एका बिगर-आमिश माणसाने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या. पाच मुली मरण पावल्या. त्याने स्वतःलाही संपविले. त्याच दिवशी काही आमिश त्याच्या पत्नीकडे व आई-वडिलांकडे सांत्वनासाठी गेले आणि पुढे त्याच्या दफनविधीला जमलेल्यांत आमिशांचीच संख्या मोठी होती. या क्षमेचे जगभर कौतुक झाले. इतक्या तत्परतेने दिलेली क्षमा दुःखाला जागा देते काय, अशी शंकाही घेतली गेली. आमिशांच्या दृष्टीने क्षमा ही भावना नसून रोज नव्याने घ्यावा लागणारा निर्णय आहे. शाळेची इमारत दहा दिवसांत पाडण्यात आली. एप्रिल २००७ मध्ये जवळच ‘न्यू होप’ नावाची नवी शाळा सुरू झाली.

याच क्षमावृत्तीची दुसरी बाजूही न्यायालयांपुढे आली आहे. लैंगिक अत्याचाराच्या काही प्रकरणांत आरोपीने मंडळापुढे कबुली दिल्यावर आणि काही आठवड्यांचा बहिष्कार भोगल्यावर प्रकरण मिटले असे समजले गेले आणि पीडित मुलीवरच क्षमा करण्याचे दडपण आले. अशा ठिकाणी स्वायत्ततेची किंमत समाजातील सर्वांत दुर्बल व्यक्ती मोजते. काही वसाहतींत पोलीस व समाजकल्याण यंत्रणेशी सहकार्य करण्यासाठी आमिशांनीच समित्या नेमल्या आहेत.

आरोग्याच्या क्षेत्रातील सहकार्य त्या मानाने सुरळीत आहे. थोड्या मूळ कुटुंबांपासून समाज वाढल्यामुळे काही दुर्मीळ आनुवंशिक विकार त्यांच्यात अधिक आढळतात. डॉ. होम्स मॉर्टन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेले विशेष बालकांसाठीचे चिकित्सालय लँकेस्टरमधील स्ट्रासबर्ग येथे उभे राहिले, ते आमिश व मेनोनाइट सुतारांच्या श्रमदानातून. व्यापारी आरोग्य विमा आमिश सहसा घेत नाहीत. मोठी बिले मंडळे वर्गणी करून भरतात.

बदलते व्यवसाय

१९७२ चा निकाल शेतकरी समाजाचे चित्र समोर ठेवून लिहिला गेला. त्यानंतर जमिनीच्या किमती वाढल्या, लोकसंख्या दर वीस वर्षांच्या आसपास दुप्पट होत गेली आणि अनेक जुन्या वसाहतींत केवळ शेतीवर जगणारी कुटुंबे अल्पसंख्य झाली. सुतारकाम, बांधकाम, यंत्रदुरुस्ती व किरकोळ व्यापार हे आता मुख्य व्यवसाय आहेत. उत्तर इंडियानात अनेक आमिश पुरुष फिरत्या निवासगाड्यांच्या कारखान्यांत मजुरी करतात. आठवी शिकलेला कारखानदार हिशेबासाठी बाहेरचा लेखापाल नेमतो, संकेतस्थळासाठी बाहेरच्या व्यक्तीची मदत घेतो आणि कामाच्या जागी भ्रमणध्वनी ठेवावा की नाही, हा प्रश्न वर्षातून दोनदा मंडळापुढे येतो. जमिनीच्या शोधात निघालेली कुटुंबे न्यूयॉर्क, केंटकी, विस्कॉन्सिन अशा राज्यांत नव्या वसाहती वसवीत आहेत, आणि कुटुंबे पुरेशी झाली की तेथे पहिल्या काही वर्षांतच एकखोली शाळा बांधली जाते.